उत्साह ओसरल्यानंतरचा व्यायाम

दिवाळी सरून थंडी पडली की टेकडीवर पहाटे नवे चेहरे दिसू लागतात. संक्रांत उलटेपर्यंत त्यांतले बरेच गळतात. गळालेल्यांत आम्हीही अनेकदा होतो, तेव्हा यात कोणाची थट्टा नाही. 'निश्चय कमी पडला' असे म्हणून आपण विषय संपवतो. पण दोष खरोखर निश्चयाचाच असतो का?

मिल्न, ऑर्बेल आणि शीरन या ब्रिटनमधील संशोधकांनी २००२ साली २४८ विद्यार्थ्यांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला विशेष काही सांगितले नाही. दुसऱ्याला व्यायामाने हृदयविकार कसा टळतो याची माहिती दिली. तिसऱ्याला तीच माहिती दिली आणि शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता, कोठे व्यायाम करणार हे लिहून घेतले. आठवड्यातून एकदा तरी वीस मिनिटे जोमदार व्यायाम करणारे पहिल्या गटात ३८ टक्के निघाले, दुसऱ्यात ३५ आणि तिसऱ्यात ९१! दुसऱ्या गटाची इच्छा वाढली होती, कृती मात्र वाढली नाही. आरोग्यावर भाषणे देणाऱ्या आपणा सर्वांना हा आकडा थोडा टोचायला हवा.

वेळ आणि जागा ठरली की तीच खूण बनते. चहाचा कप खाली ठेवला की बूट चढवायचे, असे रोज घडले की विचार न करता पाय दाराकडे वळतात. ही सवय. ती किती दिवसांत लागते? 'एकवीस दिवस' हे उत्तर सर्वत्र ऐकू येते. त्याचा उगम मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकात सापडतो. रुग्णांना आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला किती दिवस लागतात, याबद्दलचे ते निरीक्षण होते!

लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे नोंदी ठेवायला लावल्या. २०१० साली छापलेल्या या अभ्यासात ज्या ३९ जणांचा आलेख नीट जुळला, त्यांना लागलेल्या दिवसांचा मध्यक ६६ होता; कोणाला १८, तर कोणाला २५४. (२५४ हा आकडा अर्थात आलेख पुढे वाढवून काढलेला.) आलेख सुरुवातीला भरभर चढतो, मग सपाट होत जातो. व्यायामाची सवय पाणी पिण्यासारख्या साध्या सवयीपेक्षा उशिरा लागली. म्हणजे नवलाई संपलेली आणि सवय अजून लागलेली नाही, अशी काही आठवड्यांची दरी मध्ये उरते. बहुतेक जण तेथेच गळतात. दिलासा एवढाच, की एखादा दिवस चुकल्याने आलेखात फारसा फरक पडला नाही. चुकलेल्या दिवसानंतर 'आता काय उपयोग' म्हणून सोडून देणे, हे मात्र वेगळे.

मे महिन्याच्या सुट्टीत शिक्षकांचा व्यायाम का सुटतो, हेही यावरून उमगते. शाळेची वेळ गेली, तिच्याबरोबर खूणही गेली. सुट्टी लागण्यापूर्वीच नवी खूण ठरवून ठेवावी. वेळ दहा मिनिटांची असली तरी चालेल.

नववीच्या वर्गात हा प्रयोग करून पाहता येईल. प्रत्येकाने एक छोटी कृती व तिची ठरलेली खूण निवडावी. ती 'न आठवता, आपोआप' कितपत झाली, याला रोज शून्य ते दहा असा आकडा द्यावा आणि सत्र संपल्यावर आलेख काढावा. आलेख भिंतीवर लावू नयेत, त्याला गुणही देऊ नयेत. नाहीतर सगळ्यांचे आकडे दहाच येतील.