एक टक्का छिद्रांचे गणित

सूर्यफुलाच्या पानावरील पर्णरंध्रे पूर्ण उघडली, तरी ती पानाचा जेमतेम एक टक्का पृष्ठभाग व्यापतात. तेवढ्याच आकाराच्या ताटलीतून उडणाऱ्या पाण्याच्या मानाने पानातून शंभरावा हिस्सा बाष्प निघावे, असा आपला अंदाज. प्रत्यक्षात ते कितीतरी पट जास्त, कधी निम्म्याच्या आसपासही असते. १९०० साली होरेस ब्राऊन आणि फर्ग्युसन एस्कोम्ब या ब्रिटिश संशोधकांनी याचा उलगडा केला. सूक्ष्म छिद्रातून होणारे विसरण छिद्राच्या क्षेत्रफळाच्या नव्हे, तर व्यासाच्या प्रमाणात असते. बाहेर पडलेले रेणू नुसते सरळ जात नाहीत, कडेवरून चहूबाजूंना पांगतात. आणि छिद्र जितके लहान, तितका हा कडेचा वाटा मोठा. एका छिद्राऐवजी एक दशांश व्यासाची शंभर छिद्रे पुरेशा अंतरावर पाडली, तर एकूण क्षेत्रफळ तेवढेच राहते, प्रवाह मात्र दसपट होतो. म्हणूनच वारा पडलेला असताना पर्णरंध्रे अर्धवट मिटून पिकाचे पाणी फारसे वाचत नाही.

आपल्या पेशीही याच हिशेबावर चालतात. हॉवर्ड बर्ग आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९७७ मध्ये दाखवले, की एक मायक्रॉन त्रिज्येच्या पेशीवर एक नॅनोमीटर त्रिज्येचे सुमारे तीन हजार ग्राही विखुरलेले असतील, तर ते पृष्ठभागाचा हजारावा भागही व्यापत नाहीत. पण संपूर्ण पृष्ठभाग ग्राहींनी मढवला असता जेवढे रेणू टिपले गेले असते, त्याच्या निम्मे ते टिपतात. उरलेली जागा इतर संप्रेरकांच्या आणि पोषकद्रव्यांच्या ग्राहींना मोकळी!

गणितात हा विषय ‘सच्छिद्र प्रदेशांतील आंशिक अवकल समीकरणे’ म्हणून ओळखला जातो. प्रत्येक छिद्राच्या कडेवर वेगळी अट, छिद्रे लाखो. ती एकेक सोडवणे अशक्यच. मग छिद्रे विसरून त्यांचा सरासरी परिणाम समीकरणात आणायचा. मार्चेंको आणि ख्रुस्लोव्ह या युक्रेनमधील गणितज्ञांनी हा रस्ता आधीच पाडला होता. १९८२ मध्ये डोइना चोरानेस्कू आणि फ्रान्स्वा म्युरा यांनी पॅरिसमधून लिहिलेल्या निबंधाचे शीर्षकच होते: ‘भलतीकडून आलेले एक विचित्र पद’.

ते विचित्र का, हे एका उदाहरणावरून कळेल. एक घनमीटर पेटीत एकेक सेंटिमीटर अंतरावर एक मायक्रॉन त्रिज्येचे दहा लाख कण टांगले आहेत आणि त्यांना स्पर्श होताच पेटीतला वायू शोषला जातो, असे समजा. सगळे कण एकत्र केले तर खसखशीचा एक दाणाही भरणार नाही. पण त्यांच्या त्रिज्यांची बेरीज भरते एक मीटर! विसरणाला हीच बेरीज दिसते. त्यामुळे समीकरणात शोषणाचे एक नवे पद उगवते. कण दहापट मोठे केले, तर पेटीच्या भिंतीतून शिरलेला वायू मध्यापर्यंत क्वचितच पोहोचतो. शंभरपट लहान केले, तर कण नसल्यातच जमा. आकारमान नगण्य म्हणून संगणकाच्या गणितातून या कणांना आधीच वगळणारा अभियंता नेमका इथेच फसतो.