गायरानाची किंमत किती?

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावसारख्या गावांत गायरानाला ‘पडीक’ म्हणायची सवय आहे. पण शेळ्या तिथं फुकट चरतात. दुष्काळात कडब्याचे भाव चढले की ही बचत घराघरात कळते.

यात शहराचाही हिशेब आहे. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण याच तालुक्यात, धनेगावला आहे. ते आटलं आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. कारण मुख्यतः दुष्काळच. पण पाणलोटातलं गवत माती धरून ठेवतं. ते गेलं की गाळ धरणात उतरतो, साठा घटतो. गाळ काढायचा खर्च मात्र गायरानाच्या हिशेबात कुणी धरत नाही!

गावांच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याच्या योजना करा, असं सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना जानेवारी २०११ मध्येच सांगितलंय. तो खटला पंजाबातल्या एका तळ्याचा होता.