भारतातील पोलीस सुधारणा

पोलीस दलाला अनुचित राजकीय हस्तक्षेपापासून मुक्त ठेवणे, अधिकाऱ्यांना निश्चित कार्यकाळ देणे आणि दलाला कायद्याप्रती व नागरिकांप्रती उत्तरदायी बनवणे यांसाठी भारतात झालेल्या न्यायालयीन, वैधानिक व प्रशासकीय प्रयत्नांना पोलीस सुधारणा असे म्हणतात. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार ‘पोलीस’ हा राज्यसूचीतील विषय असल्याने सुधारणांची अंमलबजावणी प्रामुख्याने राज्य सरकारांवर अवलंबून आहे. निवडणुकीचा काळ आणि अफवांमुळे निर्माण होणारा तणाव या दोन प्रसंगी दलाच्या निःपक्षपातीपणाची विशेष कसोटी लागते.

पार्श्वभूमी

१८५७च्या उठावानंतर ब्रिटिश सरकारने १८६१ साली पोलीस कायदा केला. दलावरील देखरेखीचा अधिकार या कायद्याने प्रांतिक सरकारकडे दिला. स्वातंत्र्यानंतरही ही रचना बहुतांशी कायम राहिली. आणीबाणीनंतर, १९७७ साली, केंद्र सरकारने धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला. आयोगाने १९७९ ते १९८१ या काळात आठ अहवाल सादर केले. मात्र त्यांतील महत्त्वाच्या शिफारशी दीर्घकाळ अमलात आल्या नाहीत.

राजकीय दबावाचे सर्वांत परिणामकारक साधन म्हणजे बदली. अधिकाऱ्याला सेवेतून काढण्यासाठी चौकशी करून दोष सिद्ध करावा लागतो, बदलीसाठी तसे करावे लागत नाही. त्यामुळे निश्चित कार्यकाळ हा सुधारणांच्या चर्चेतील मध्यवर्ती मुद्दा ठरला.

प्रकाश सिंह खटला

उत्तर प्रदेश व आसामचे माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी इतरांसह १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. २२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने निकाल देताना सात निर्देश दिले:

१. सरकारचा दलावर अनुचित प्रभाव पडू नये यासाठी राज्य सुरक्षा आयोग स्थापन करावा.
२. केंद्रीय लोकसेवा आयोगाने निवडलेल्या तीन ज्येष्ठतम अधिकाऱ्यांमधून पोलीस महासंचालकाची नियुक्ती करावी व त्याला किमान दोन वर्षांचा कार्यकाळ द्यावा.
३. जिल्हा पोलीस अधीक्षक, ठाणे प्रभारी इत्यादी क्षेत्रीय अधिकाऱ्यांनाही किमान दोन वर्षांचा कार्यकाळ द्यावा.
४. गुन्ह्यांचा तपास आणि कायदा व सुव्यवस्था ही कामे टप्प्याटप्प्याने वेगळी करावीत.
५. बदल्या व नियुक्त्यांसाठी पोलीस आस्थापना मंडळ नेमावे.
६. राज्य व जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरण स्थापन करावे.
७. केंद्रीय दलांच्या प्रमुखांच्या निवडीसाठी राष्ट्रीय सुरक्षा आयोग नेमावा.

महाराष्ट्रातील अंमलबजावणी

महाराष्ट्राने २०१४ साली महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये दुरुस्ती करून राज्य सुरक्षा आयोग, पोलीस आस्थापना मंडळे व तक्रार प्राधिकरण यांची तरतूद केली. पोलीस उपअधीक्षक व त्यावरील अधिकाऱ्यांचा सर्वसाधारण कार्यकाळ दोन वर्षे ठरवण्यात आला. मात्र अपवादात्मक परिस्थितीत, लोकहितार्थ व प्रशासकीय निकडीमुळे, मुदतपूर्व बदलीचा अधिकार सक्षम प्राधिकाऱ्याकडे राखून ठेवण्यात आला आहे.

निवडणूक काळातील स्थिती

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१च्या कलम २८अ नुसार निवडणुकीच्या कामासाठी नेमलेले पोलीस अधिसूचनेपासून निकाल जाहीर होईपर्यंत भारत निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानले जाते. आदर्श आचारसंहितेच्या काळात निवडणुकीशी संबंधित अधिकाऱ्यांच्या बदल्यांना आयोगाची संमती लागते.

हे नियंत्रण तात्पुरते असते. महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीच्या वेळी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, आयोगाच्या आदेशाने राज्याच्या पोलीस महासंचालकांची बदली झाली; निकालानंतर राज्य सरकारने त्यांना पुन्हा त्याच पदावर नेमले. त्याच वर्षी लोकसभा निवडणुकीपूर्वी हटवलेले पश्चिम बंगालचे महासंचालकही निवडणुकीनंतर पदावर परतले.

अफवा, चुकीची माहिती आणि पोलीस

महाराष्ट्रातील दोन घटना या प्रश्नाच्या दोन बाजू दाखवतात. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळ ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर मत व्यक्त केल्यावरून पालघर येथे दोन तरुणींना अटक झाली. या कारवाईवर देशभर टीका झाली. अटकेत वापरलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवले.

याउलट, १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांची हत्या केली. अशा अफवा त्या काळात व्हॉट्सॲपवरून पसरत होत्या. त्याच महिन्यात तहसीन पूनावाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी नेमण्याचा आणि चिथावणीखोर संदेशांना आळा घालण्याचा आदेश दिला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३५३ सार्वजनिक शांतता बिघडवणाऱ्या खोट्या माहितीशी, तर कलम १७५ उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयीच्या खोट्या विधानांशी संबंधित आहे. माहिती खरी मानण्यास वाजवी कारण असेल आणि ती सद्भावनेने, गैरहेतूविना दिली असेल, तर कलम ३५३ लागू होत नाही. मत, चूक आणि हेतुपुरस्सर पसरवलेली अफवा यांतील फरक प्रथम तपास अधिकाऱ्यालाच करावा लागतो. त्यामुळे त्याचा निश्चित कार्यकाळ आणि दबावापासून संरक्षण यांना निवडणुकीपुरते नव्हे, तर कायमस्वरूपी महत्त्व आहे.