ओव्याचे सत्त्व आणि स्ट्रॉबेरीची बुरशी

थंडीचे दिवस सुरू झाले की महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावरील स्ट्रॉबेरी आपल्या बाजारात येऊ लागते. सकाळी घेतलेल्या डबीतील एखादे फळ दुसऱ्या दिवशी राखाडी लव ल्यालेले दिसते आणि तिसऱ्या दिवशी त्याची शेजारीण फळेही त्याच वाटेला लागतात. ही राखाडी लव म्हणजे ‘बॉट्रायटिस सिनेरिया’ नावाची बुरशी. २०१२ साली वनस्पतिरोगतज्ज्ञांनी जगातील दहा महत्त्वाच्या कवकांची क्रमवारी लावली, तेव्हा हिला दुसरे स्थान मिळाले होते. हा विषय शेतकऱ्याचा वाटला, तरी त्याचा एक धागा आपल्या रुग्णशय्येपर्यंत येऊन पोहोचतो. म्हणूनच वैद्यक व्यवसायातील बंधुभगिनींसमोर तो मांडावासा वाटतो.

या बुरशीची रीत आपल्या परिचयाच्या सुप्त संसर्गासारखी आहे. बीजाणू फुलोऱ्याच्या काळातच आत शिरतात आणि फळ कच्चे असेपर्यंत निमूट पडून राहतात. फळ पिकते, साखर वाढते, पेशीभित्तिका सैल होतात आणि फळाची अंगभूत संरक्षक द्रव्ये घटतात. मग शत्रू डोके वर काढतो. शीतगृहात इतर अनेक बुरशी थबकतात, परंतु ही शून्य अंश सेल्सिअसलाही सावकाश वाढत राहते. शिवाय स्ट्रॉबेरीसारखे नाजूक फळ काढणीनंतर धुता येत नाही, कारण ओलावा हाच बीजाणूंचा मित्र.

आजवरचा उपाय म्हणजे शेतातील कवकनाशकांची फवारणी. द्राक्षांच्या पेटीत गंधकाचा वायू हळूहळू सोडणारे कागदही ठेवले जातात. दोन्ही उपाय उपयुक्त आहेत; पण सल्फाइटमुळे काही दमेकऱ्यांना श्वासाचा त्रास होतो, हे आपण जाणतोच. कवकनाशकांचा प्रश्न त्याहून खोल आहे. शेतात वापरली जाणारी अझोल गटातील द्रव्ये आणि रुग्णाला दिली जाणारी इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल ही औषधे एकाच विकरावर आघात करतात. मातीतील ॲस्परजिलस फ्युमिगेटस शेतातील अझोलला सरावला, तर तोच बीजाणू श्वासावाटे फुफ्फुसात गेल्यावर औषधालाही दाद देत नाही. नेदरलँड्समध्ये प्रथम ठळकपणे पुढे आलेला हा प्रकार दिल्लीच्या संशोधकांनी २०१२ मध्ये भारतातील पर्यावरणीय नमुन्यांतही नोंदविला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये घातक कवकांची प्राधान्ययादी जाहीर केली, तीत या कवकाला सर्वोच्च गटात स्थान दिले.

या पार्श्वभूमीवर संशोधकांचे लक्ष वनस्पतींच्या स्वतःच्या शस्त्रागाराकडे वळले, हे स्वाभाविकच होय. वनस्पतीला ना पळता येते, ना तिच्या अंगी प्रतिपिंडे असतात. रसायन हीच तिची ढाल. द्राक्षवेलीची पाने बॉट्रायटिसच्या हल्ल्याला उत्तर म्हणून रेस्व्हेरॅट्रॉल तयार करतात, असे १९७६ मध्ये दाखविले गेले. आपल्या स्वयंपाकघरातील ओव्याच्या तेलात थायमॉल विपुल असते. लवंगेत आणि तुळशीत युजेनॉल, तर दालचिनीत सिनामाल्डिहाइड असते. ही नावे आपल्याला नवखी नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी आकडेकृमीवर थायमॉल देत असत आणि दंतवैद्य आजही युजेनॉल वापरतात.

ही द्रव्ये स्निग्धद्राव्य असल्याने बुरशीच्या पेशीपटलात शिरतात, पटल झिरपू लागते, आतील क्षार बाहेर निसटतात आणि पेशीचा ऊर्जाव्यवहार कोलमडतो. आघात एकाच विकरावर न होता अनेक जागी होत असल्याने बुरशीला प्रतिकार उभारणे तुलनेने अवघड जावे, अशी अपेक्षा आहे. दुसरा गुण त्यांच्या बाष्पशीलतेचा. फळाला स्पर्श न करता बंद पेटीत केवळ वाफेच्या रूपाने ती काम करतात. जे धुता येत नाही, त्याला ही सोय वरदानच. स्पेनमधील संशोधकांनी थायमॉल, युजेनॉल आणि कोरफडीच्या गराचे लेपन यांचे प्रयोग केले आहेत. युरोपीय संघाने तर २०१३ मध्ये युजेनॉल, जेरॅनिऑल आणि थायमॉल यांना पीकसंरक्षक घटक म्हणून मान्यता दिली. या तिघांच्या मिश्रणाचा वापर द्राक्षवेलींवरील बॉट्रायटिसविरुद्ध होतो.

मग ही द्रव्ये सर्वत्र का दिसत नाहीत? अडचणी खऱ्या आहेत. मात्रा थोडी वाढली की स्ट्रॉबेरीला ओव्याचा वास येतो आणि सालीवर डाग पडतात. कमी पडली की बुरशी हसते. एकाच वनस्पतीचे तेल जात, जमीन आणि हंगाम यांनुसार बदलते. वाफ लवकर उडून जाते, म्हणून ती सूक्ष्म कोशांत किंवा खाद्य लेपात बांधून हळूहळू सोडण्याचे प्रयत्न चालू आहेत. प्रयोगशाळेतील बशीत मिळालेले यश पेटीत टिकतेच असे नाही, हा अनुभव आपल्या क्षेत्रातही नवा नाही.

येथे वैद्याने एक सावधगिरीचा शब्द उच्चारणे अगत्याचे आहे. ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ नव्हे. लवंगतेल पोटात गेल्याने लहान मुलांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा कोणी घरीच फळांवर लवंगतेल शिंपडण्याचा विचार करीत असेल, तर त्याला परावृत्त करावे. मात्रेचा विवेक येथेही सुटत नाही.

रुग्णांना सांगण्याजोगे मात्र पुष्कळ आहे. फळे आणताच निवडावीत, डागाळलेली बाजूला काढावीत, न धुता थंड जागी ठेवावीत आणि खाण्याच्या वेळीच धुवावीत. मऊ फळाचा बुरशी लागलेला भाग कापून उरलेला खाऊ नये. तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. आणि आपल्यापुरते सांगायचे तर, अझोलला दाद न देणारा ॲस्परजिलसचा रुग्ण समोर आला, तर त्याने पूर्वी कोणती औषधे घेतली एवढेच विचारून थांबू नये. तो कोणत्या मातीत राबतो, हेही विचारावे. शेत आणि इस्पितळ यांची हवा एकच आहे. फळाला वाचविण्यासाठी ओव्या-लवंगेचा मार्ग सिद्ध झाला, तर आपल्या हातातील मोजकी कवकनाशके आणखी काही वर्षे धारदार राहतील.