स्पंद किती? शून्य की तीन?

कागद-पेन्सिल घ्या आणि पुढील पंधरा आकडे एका ओळीत उतरवून काढा :

८, ५, ४७, १०, ६, ६२, ९, ३८, ७, ११, ५५, ४, ३५, ९, ६

समजा, उंदराच्या मेंदूत एका चेतापेशीशेजारी केसासारखे बारीक विद्युतअग्र ठेवले आहे. दर पाच मिलिसेकंदांत तेथे नोंदलेला सर्वांत मोठा विद्युतदाब म्हणजे हे आकडे. एकक मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. (आकडे आम्ही सोयीसाठी रचले आहेत.) आता सांगा, या पेशीने किती वेळा विद्युत् स्पंद सोडला?

हा प्रश्न क्षुल्लक नाही. एडगर एड्रियन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात दाखवून दिले, की त्वचेवरचा दाब वाढला म्हणून मज्जातंतूतील स्पंद मोठे होत नाहीत. ते अधिक दाटीने येतात. मेंदूला खबर मिळते ती स्पंदांच्या संख्येतून. एड्रियन यांना १९३२ सालचे नोबेल पारितोषिक चार्ल्स शेरिंग्टन यांच्यासह मिळाले. तेव्हा मोजणीच चुकली, तर पुढचे सारेच चुकले.

आपल्या नोंदीत लहान आकडे म्हणजे रेडिओच्या खरखरीसारखी पार्श्वभूमी. मोठे आकडे म्हणजे स्पंद. पण मोठे म्हणजे केवढे? एखाद्या प्रबंधात लिहिलेले असते, ‘खरखरीच्या पाचपटीहून मोठे ते स्पंद धरले.’ वाचायला किती स्वच्छ वाटते! आता दोन विद्यार्थी हेच वाक्य घेऊन बसले. पहिल्याने खरखर म्हणून सर्व आकड्यांची सरासरी काढली. बेरीज ३१२, सरासरी २०.८, पाचपट १०४. एकही स्पंद नाही! दुसरीने आकडे चढत्या क्रमाने लावून मधला, म्हणजे आठवा आकडा घेतला. हा मध्यक ९. पाचपट ४५. स्पंद तीन : ४७, ६२ आणि ५५.

असे का झाले? ज्या स्पंदांना शोधायचे, त्यांनीच सरासरी फुगवली. मध्यकावर अशा मूठभर मोठ्या आकड्यांचा फारसा परिणाम होत नाही. म्हणूनच कियान किरोगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली खरखरीचा अंदाज मध्यकावरून बांधण्याची रीत सुचवली आणि ती पुष्कळ प्रयोगशाळांनी उचलली.

पाककृतीत ‘मीठ चवीपुरते’ चालते, कारण चाखायला आपण हजर असतो. येथे तसे नाही. २०१७ साली जाहीर झालेले न्यूरोपिक्सेल्स नावाचे विद्युतअग्र एकाच वेळी ३८४ जागी, दर सेकंदाला ३०,००० वेळा मोजते. गुणाकार करून पाहा : सेकंदाला १ कोटी १५ लाख २० हजार मोजमापे! ही मोजणी संगणकच करणार, आणि वाटेत शेकडो निवडी होणार. कोणती खरखर गाळली? ३८ आणि ३५ हे शेजारच्या दुसऱ्याच पेशीचे स्पंद तर नव्हेत? ते वेगळे काढणाऱ्या काही रीती यदृच्छया निवडलेल्या आकड्यापासून सुरू होतात. तो आकडा टिपून ठेवला नाही, तर तोच संगणक उद्या थोडे निराळे उत्तर देऊ शकतो. आज्ञावलीची आवृत्ती बदलली तरी तेच.

याचा मोठा पडताळा २०२० साली प्रसिद्ध झाला. तेथे विद्युतअग्रे नव्हती. १०८ माणसांच्या मेंदूंची चुंबकीय अनुस्पंद यंत्राने घेतलेली चित्रे होती. तीच माहिती ७० गटांना दिली आणि तेच नऊ प्रश्न विचारले. कोणत्याही दोन गटांनी तंतोतंत सारखी पद्धत वापरली नाही आणि अनेक प्रश्नांवर उत्तरे फाटली. कोणी लबाडी केली नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवे.

यावरचा इलाज कंटाळवाणा आहे, पण कामाचा आहे. मूळ नोंदीला हात लावायचा नाही. हाताने खाडाखोड करण्याऐवजी प्रत्येक पायरी क्रमाने आज्ञावलीत लिहायची. उंबरठा, सुरुवातीचा आकडा, आवृत्ती सारे तिच्यासोबत ठेवायचे आणि नोंद व आज्ञावली दोन्ही दुसऱ्याच्या हाती द्यायच्या. म्हणजे उत्तर बरोबरच येईल असे नाही! सरासरीवाला विद्यार्थी शंभरदा इमानाने शून्यच काढील. मात्र त्याची कृती समोर असेल, तर चूक कोठे आहे ते कोणालाही बोट ठेवून दाखवता येईल.

आता तुमची मोजणीची रीत एका चिठ्ठीवर लिहा आणि तोंडाने काहीही न सांगता मित्राला द्या. त्याचे उत्तर तीन आले? छान. आता यादीतील ४७ खोडून तेथे ४५ लिहा आणि तीच चिठ्ठी दुसऱ्या एखाद्याला द्या. मध्यक अजून ९ आणि उंबरठा ४५च आहे. बरोबर ४५ आला तर तो धरायचा की सोडायचा, हे तुमच्या चिठ्ठीत लिहिले आहे काय?