विद्युत् पुरवठ्यातील गोंगाट व ध्वनिसाधने

ध्वनिवर्धक, ध्वनिमुद्रक, रेडिओ ग्राही इ. साधनांना मिळणाऱ्या विद्युत् पुरवठ्यात मूळ तरंगाखेरीज जे अनिष्ट विद्युत् दाब मिसळलेले असतात, त्यांना विद्युत् गोंगाट म्हणतात. भारतातील घरगुती पुरवठा २३० व्होल्ट दाबाचा व ५० हर्ट्‌झ कंप्रतेचा (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांच्या संख्येचा) असतो.

गोंगाटाचे स्वरूप कारणानुसार बदलते. ५० वा १०० हर्ट्‌झची सलग घरघर ही रोहित्राचे चुंबकीय क्षेत्र, एकदिशकारकानंतरचे अपुरे गाळण किंवा भूयोजनाच्या तारांचे बंद वेटोळे यांमुळे उद्‌भवते. चलित्र (मोटर) चालू वा बंद होताना तुटक ‘टक्’ असा आवाज येतो. एलईडी दिवे, मोबाइल चार्जर यांतील द्रुत स्विचिंगमुळे उच्च कंप्रतेचा गोंगाट निर्माण होतो. तो प्रत्यक्ष ऐकू येत नसला, तरी विवर्धकात त्याचे एकदिशीकरण होऊन खरखर ऐकू येते.

यवतमाळसारख्या कापूसप्रधान जिल्ह्यात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने व शेतीपंप यांचा भार हंगामानुसार बदलतो. मोठे चलित्र सुरू होताना लांब तारमार्गावरील इतर ग्राहकांकडील दाब क्षणभर उतरतो. तसेच काळी जमीन उन्हाळ्यात सुकून भेगाळते, तिचा विद्युत् रोध वाढतो व भूयोजन दुबळे होते. म्हणून भूयोजनाच्या खड्ड्यात कोळसा व मीठ भरून त्यास उन्हाळ्यात पाणी घालतात.

उपाय : सर्व ध्वनिसाधने एकाच फलकावरून व सामाईक भूयोजनावर जोडल्यास वेटोळ्याची घरघर कमी होते. मायक्रोफोनच्या लांब तारा संतुलित प्रकारच्या वापरतात; त्यांच्या दोन्ही संवाहकांत सारखाच शिरलेला गोंगाट ग्राही टोकाशी वजा होतो. उच्च कंप्रतेसाठी एकसरीत प्रवर्तक व समांतर धारित्रे असलेली गाळणी, तर दाबातील चढउतारांसाठी दाब स्थिरकारी वापरतात. गाळणीमुळे ५० हर्ट्‌झची घरघर थांबत नाही.

घरघर थांबावी म्हणून प्लगची भूयोजनाची पिन काढून टाकणे प्राणघातक ठरू शकते. साधनातील विद्युत् रोधन निकामी झाल्यास त्याचे धातूचे कवच व त्यास जोडलेला मायक्रोफोन यांवर पुरवठ्याचा पूर्ण दाब येतो. अशा वेळी भूयोजन तसेच ठेवून संदेशमार्गात विलगक रोहित्र बसविणे, हाच सुरक्षित मार्ग होय.