गौरीच्या वाटेवरचा तेरडा

भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर गौर येते, ती कोकणातील कित्येक घरी मुखवटा लेवून येत नाही. तेरड्याच्या रोपांच्या रूपाने येते. जिच्या दारी सुवर्णाची वाण नाही, त्या जगन्मातेने कोणीही न पेरलेल्या रानझुडपात येऊन राहावे, याचे आम्हांस बालपणापासून नवल वाटत आले आहे.

आमच्या क्षेत्रगावी तेरडा गडग्यांच्या कडेला मुबलक असे. पुढे आळीत काँक्रीट आले. त्याचे आम्हीही स्वागतच केले; चिखल तुडवीत कीर्तनास जाण्याचा त्रास वाचला. गडगे मात्र गेले, आणि गौर बाजारातून जुडीने विकत येऊ लागली. ही रोपे कुठल्याशा डोंगरउतारावरून, बी धरण्यापूर्वीच, मुळांसकट उपटलेली असतात. तेरडा एका पावसाळ्याचा सोबती. त्याचे बीच पडले नाही तर पुढल्या श्रावणात तेथे काय उगवावे?

तीन वर्षांपूर्वी आळीतील सुनांनी हा प्रश्न आमच्यापुढे ठेवला. "बुवा, शास्त्रात याला काही मार्ग सांगितला आहे का?" आम्ही पोथ्या उलगडीत बसलो, तोवर त्यांनी गटार आणि घरे यांमधील हातभर मातीची पट्टी खणूनही टाकली. तेरड्याची पिकली शेंग बोट लागताच फुटून बी उडविते. पोरांनी धोतराचे जुने पदर धरून ते गोळा केले. पत्रीसाठी माका, आघाडा, विष्णुक्रांता आणि तुळसही लागली. दूर्वा आपणहून आल्या. (त्यांचे परागण वाऱ्यावर होते, मधमाशीला त्यांचे काम नाही, पण गणरायाला आहे!)

पहिल्या वर्षी सण तोंडावर आला असता गवत कापणारी मंडळी आली आणि सारी पट्टी साफ करून गेली. आळीत दोन दिवस कोणाला अन्न गोड लागले नाही. दुसऱ्या वर्षी घरोघरी बांबूच्या कांब्यांचे कुंपण झाले.

फुले आली तशा माश्या आल्या. तेरड्याच्या फुलामागे शेपटीसारखी बारीक नळी असते, मध तिच्यात. तो पिण्यास माशी आत शिरली की वरच्या बाजूचे पराग तिच्या पाठीस लागतात. ह्या फुलात पुंकेसर आधी पिकून गळतात आणि मागाहून स्त्रीकेसर पक्व होतो. म्हणून एका फुलाचा निरोप दुसऱ्याकडे नेणारा कोणी तरी हवाच. रोपवाटिकेतला भरगच्च पाकळ्यांचा तेरडा दिसावयास देखणा, परंतु त्यात केसरांच्याच पाकळ्या झालेल्या. पाहुण्याच्या पानात वाढावयास त्याच्यापाशी फारसे काही उरत नाही. आळीने रानचाच तेरडा लावला, हे फार बरे झाले.

परदेशी लोकही ह्या वाटेने गेले आहेत. नॉर्वेच्या ऑस्लो नगरीत २०१५ साली नागरिकांनी अंगणांत, सज्ज्यांत, छपरांवर फुलझाडे लावून मधमाश्यांसाठी शहरातून जणू राजमार्गच आखला. आपल्याकडे महाबळेश्वर तालुक्यातील मांघर २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून घोषित झाले.

आता एक गोष्ट सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. तीस-एक वर्षांपूर्वी आमच्या पडवीच्या भिंतीत सातेरी माश्यांचे मोहोळ होते. घरात मुंज निघाली, पाहुण्यांना चावतील म्हणून आम्ही ते पलित्याने जाळविले. त्याच रात्री देवळात आमचे कीर्तन होते. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने चोवीस गुरू सांगितले, त्यांत मधमाशी आहे; फुलाला न दुखविता थोडे थोडे घ्यावे, हे तिच्यापासून शिकावे. आम्ही निरूपण रंगवून केले. आरतीनंतर एक वृद्ध श्रोते बुक्का लावून घेताना हळूच म्हणाले, "बुवा, दुपारी गुरू जाळलात आणि रात्री त्याची पूजा बांधलीत." मोहोळ लुटणाराही त्या चोवीसांत गुरूच आहे, अशी आम्ही मनाची समजूत घालून पाहिली. घातली गेली नाही. पुढे कित्येक वर्षे तो दृष्टांत आम्ही कीर्तनात घेतला नाही. पंचामृतात मध ओतताना मात्र तो नेमका आठवे.

गेल्या पावसाळ्यात पट्टीतल्या तेरड्यावर सातेरी माशी पाहिली. ती आमच्या भिंतीतल्यांच्या वंशातली असेल, असे मानण्यास काही आधार नाही. आम्ही तिथेच ओट्यावर बसून राहिलो. स्नानसंध्येस त्या दिवशी उशीर झाला.

यंदा गौरीसाठी रोपे काढण्याचा प्रश्न पुन्हा आला. आमच्याच आळीतला तेरडा आम्हीच उपटावा काय? सुनांनी निर्णय दिला: दर घराने पाचच रोपे घ्यावीत, तीही दाट उगवलेल्या जागेतली; उरलेली बियांसाठी उभी राहावीत. विसर्जनानंतर शेंगा पिकतील, तेव्हा बी गोळा करण्याचे काम पोरांबरोबर आम्हांकडेही आले आहे. धोतराचा जुना पदर आम्ही काढून ठेवला आहे.